रिकाम्या सीटचं वजन

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी पायाचं सांग. प्लास्टर कधी निघणार? आई म्हणते तू शिडीवरून पडलास. मामी म्हणते तू शिडी न घेताच चढलास, म्हणून पडलास. मी मामीवर विश्वास ठेवते.

फोनच केला असता, पण चाळीस वर्षं गाड्यांचे हॉर्न दुरुस्त करून तू कान घालवलेस आणि मेसेज तू उघडत नाहीस. तेव्हा हे पत्र. काम तुझ्याच धंद्यातलं आहे.

माझी गाडी वेड्यासारखं करतेय. गाडीत मी एकटी, शेजारची सीट रिकामी, तरी शेजारच्याने बेल्ट लावावा म्हणून घंटा वाजत राहते. समोर बेल्टचा लाल दिवा लागतो आणि त्याच्या जोडीला पिवळाही, शेजारची एअरबॅग बंद असल्याचा. जानेवारीपासून हे चाललंय. आधी वाटलं पर्समुळे असेल. पर्स मागे टाकली, घंटा चालूच. मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर जोडला, म्हणाल्या काहीच दोष दिसत नाही. मग म्हणाल्या सीटचा अख्खा खालचा भाग बदला, माल यायला दोन महिने लागतील. दोष नाही तर बदलायचं कशाला, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गाडी घेऊन परत आले.

दोन महिने माझ्याकडे नाहीत. पंधरा मार्चला मी निघतेय. बोगद्याच्या मोजणीचं काम, पूर्ण दोन वर्षांचं. तुला माहीतच आहे, बाबांच्या आजारात हीच नेमणूक मी सोडली होती. पुन्हा विचारतील असं वाटलं नव्हतं. विचारलं, तेव्हा आई माझ्याआधी हो म्हणाली.

मी गेल्यावर गाडी आईसाठी इथेच राहील आणि खालच्या मजल्यावरचे कप्तान ती चालवतील. (ते कशाचेच कप्तान नव्हते. टोपी घालतात.) त्यांना घंटा सहन होत नाही. परवा म्हणाले, सीटखालची वायर कापून टाकू, कटकट मिटेल. म्हणजे आई बसेल त्याच सीटची एअरबॅग मेली. ते मला नको. मी इथे नसताना आई त्या सीटवर सुरक्षित बसली पाहिजे, बाकी माझं काही म्हणणं नाही.

आई ठीक आहे. थंडीने हैराण, घरातही दोन-दोन स्वेटर. नाट्यगृहाचे पडदे शिवायचं मोठं काम तिने संपवलं, आता विश्रांती घेते म्हणते. ‘धाकट्याला उगाच त्रास देऊ नकोस’ असंही म्हणते, पण तुला नाही द्यायचा तर कोणाला द्यायचा? उत्तर साइटच्या पत्त्यावर पाठव. सोमवार ते शुक्रवार मी इथल्या रस्त्याच्या कामावर असते, घरी फक्त शनिवार-रविवार.

तुझी,
टाचणी


७ फेब्रुवारी

टाचणे,

मामी खरं बोलते. तिला सांगू नकोस.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. पाय वर करून छताकडे बघत पडलोय, निदान कोणाची तरी गाडी बिघडली.

आता नीट वाच. सीटच्या स्पंजाखाली एक पातळ चटई असते. तिच्यावर किती भार पडला ते ती एका डबीला कळवते आणि डबी एअरबॅगला. काहीच भार नसेल तर सगळं गप्प. थोडा असेल, म्हणजे लहान मूल किंवा सामान, तर बेल्टची घंटा वाजते आणि एअरबॅग बंद राहते. भरपूर असेल, तुझ्या जातीच्या गाडीत चाळीस किलोच्या वर, तर मोठं माणूस बसलंय असं धरून एअरबॅग तयार. लहानाला बंद का? ती पिशवी फुटते ती मोठ्या माणसाला थोपवायच्या जोराने. हलक्या अंगाच्या माणसाची ती मान मोडून ठेवते. म्हणून त्या पिवळ्या दिव्याला कधी शिव्या देऊ नयेत.

तुझी चटई म्हणते, रिकाम्या सीटवर काहीतरी थोडंसं आहे. आधी काखेत कळसा आहे का ते बघ. एक गृहस्थ तीन गॅरेजं पालथी घालून माझ्याकडे आले होते. सीटच्या फटीत त्यांचीच पाण्याची बाटली रुतून बसली होती. हात घालून बघ. मग स्पंज ओला आहे का बघ, ओल लागली की चटई बरळते. मग सीटखालचा पिवळा जोड. पिवळ्या वायरींना हात लावण्याआधी बॅटरीची तार काढायची आणि दहा मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. नऊ नाही, दहा. आणि हो, सीटला नवीन कव्हर घातलंय का तेही कळव.

एवढं करून काही सापडलं नाही तर वजन ठेवून बघ. तू मोजणीवाली, तुला मी काय शिकवणार. कॅनमध्ये पाणी भर, लिटरला किलो. किती किलोला कुठला दिवा लागतो, विझतो, ते वहीत उतरव. बिघडलेली चटई आज एक सांगते आणि उद्या दुसरंच. तुझी काय सांगते ते लिही.

कप्तानांना निरोप दे, वायरीला कात्री लावली तर मी कुबड्यांवर येईन आणि कुबड्या घरी ठेवून जाणार नाही.

मामा


१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

शनिवार-रविवार दोन्ही दिवस गाडीत गेले. फटीत एक पेन्सिल, दोन सुटी बटणं आणि माझी हरवलेली किल्ली सापडली. स्पंज कोरडा. बॅटरी सोडवून अकरा मिनिटं थांबले (तुझ्या धाकाने एक जास्त), पिवळा जोड काढून पुसून बसवला. घंटा चालूच.

मग पाण्याचे कॅन. थोडं थोडं वाढवत गेले. तेहतीस लिटरला पिवळा दिवा विझला. चाळीसला विझायला हवा ना? रिकामं करून पुन्हा भरलं, तेहतीस. रविवारी सकाळी पुन्हा, तेहतीस. कप्तान गच्चीवरून बघत होते. म्हणाले, पाणी पाजून गाडी बरी होत असती तर त्यांनी कधीच पाजलं असतं.

तू म्हणतोस बिघडलेली चटई रोज वेगळं सांगते. माझी दर वेळी तेच सांगतेय, बरोब्बर सात किलो जास्त. आमच्या कामात याला शून्य सरकणं म्हणतात. यंत्र चांगलं असतं, फक्त रिकामं म्हणजे किती, हे विसरलेलं असतं. वर्कशॉपमध्ये नेऊन शून्य पुन्हा लावून घेऊ का?

कव्हर नवीन आहे, हे लिहायचं राहिलंच होतं. आईने डिसेंबरात पुढच्या दोन्ही सीटना शिवून दिली, जाड, रजईसारखी. मी उसवून बघणार होते, पण ती म्हणाली सगळे टाके हाताचे आहेत, उसवलंस तर पुन्हा घालायची ताकद नाही. फार घट्ट नाहीये, त्यामुळे कव्हराचा काही दोष नसावा.

आईला बसवूनही पाहिलं. ती बसली की सगळं ठीक, पिवळा दिवा विझलेला. गंमत म्हणजे ऑक्टोबरात याच्या उलट होतं. आई बसली की पिवळा दिवा लागायचा, आणि मी चिडवायचे की गाडी तुला बालवाडीत बसवतेय. मग ते आपोआप थांबलं. आता आईचं बरोबर आणि रिकाम्याचं चूक. तूच सांग काय ते.

तुझी,
टाचणी


१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुला शुक्रवारच्या आत मिळेल, टाचणी साइटवर असताना. एकटीच वाच.

ऑक्टोबरात तुझं पत्र आलं होतं. इकडचं-तिकडचं, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं, की शेजारी मोठं माणूस बसलंय की लहान, हे गाडीला कळतं कसं. मी हुरळून गेलो. चाळीस वर्षांत माझ्या धंद्यातलं तू काही विचारलं नव्हतंस. दोन पानं खरडली, चटईचं चित्र काढलं आणि चाळीस किलोच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

डिसेंबरात तू कव्हर शिवलंस. जानेवारीपासून रिकामी सीट सात किलो जास्त सांगतेय. बिघडलेली सीट अशी वागत नाही, ताई. ती सीट धडधाकट आहे. तिच्यावर खरंच सात किलो आहेत.

तुझ्या शिवणटेबलाच्या खालच्या खणात शिशाच्या पट्ट्या असतात, पडदा सरळ लोंबावा म्हणून त्याच्या काठात घालायच्या. रजईत कप्पे करून त्या बसवल्या तर वरून हाताला लागणार नाहीत. तुझ्या हाताने बसवल्या असतील तर नाहीच लागणार.

मी साप म्हणून भुई धोपटतो, असं तू नेहमी म्हणतेस. या वेळीही तसंच असू दे. पण मला सांग, तुझं वजन किती आहे?

तुझा,
धाकटा


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

पट्ट्या शिवल्या तेव्हा छत्तीस होतं. आता चौतीस.

जठरात गाठ आहे. कॅन्सरच आहे. मोठ्या हॉस्पिटलात एकटी जाऊन आले, दोनदा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. ऑपरेशन करून जठराचा बराच भाग काढायचा आणि मग सहा महिने औषधं. त्यांनी जानेवारीतच बोलावलं होतं. मी वीस मार्च मागून घेतली. त्या रागावल्या. म्हटलं, पंधराला मुलीला रवाना करते, मग मी तुमची.

टाचणीने त्या दिव्यावरून मला चिडवलं. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा हसता हसता थांबली आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिली. तेव्हाच ठरवलं, हा दिवा लागता कामा नये. घंटेचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. मी नसताना ती गाडी काय करते, हे मला कसं कळणार?

ह्यांचं आजारपण तू पाहिलंस ते सुट्टीच्या दिवशी येऊन. ती तीन वर्षं त्यात होती. सत्ताविसाव्या वर्षी वडिलांना आंघोळ घालत होती. बोगद्याचं पहिलं पत्र तिने माझ्यासमोर फाडलं, हसत, मला वाईट वाटू नये म्हणून. ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. मरणाची भीती वाटत नाही असं नाही, चांगलीच वाटते. पण तिने माझ्यासाठी दुसऱ्यांदा घरात बसावं, याची त्याहून जास्त वाटते.

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला ठाऊक आहे. या वेळी भिजव. पंचवीस दिवस. तिला काहीही सांग, चटई बिघडली म्हण. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे मागते.

ताई


२१ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

तुझा अंदाज बरोबर आहे. चटईचं शून्य सरकलं आहे. जुनी झाली की असं होतं, काळजीचं कारण नाही. आई बसते तेव्हा सगळं बरोबर चालतं, तेवढं पुरे. शून्य लावून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. कव्हरही उसवू नकोस. एकटी असशील तेव्हा शेजारचा बेल्ट रिकामाच अडकवून ठेव, म्हणजे घंटा वाजणार नाही. कप्तानांनाही तसंच सांग.

जायच्या तयारीला लाग. गरम कपडे भरपूर घे.

मामा


२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुला बरं नाही का? अख्ख्या पत्रात एक टोमणा नाही, आणि वर ‘चि.’! मी सहावीत असताना एक माणूस तुझ्या गॅरेजमध्ये आला होता, आठवतं? म्हणाला, दिवा लागतोय तेवढा फक्त घालवा, बाकी चालू दे. तू त्याच्या हातात किल्ली परत दिलीस. म्हणालास, चिकटपट्टी समोरच्या दुकानात मिळते. आणि आता मला लिहितोस, रिकाम्या सीटला बेल्ट लाव?

म्हणून मी पुन्हा मोजलं.

मागच्या शनिवारी, तुझं पत्र यायच्या आधी, आईला घेऊन बाजारात गेले होते. स्पीडब्रेकरवर गाडी उचलली गेली आणि पिवळा दिवा लागला, लगेच विझला. पुढच्या स्पीडब्रेकरवर पुन्हा. आई म्हणाली, काचेवर ऊन पडलंय, तुला भास होतोय. या शनिवारी मुद्दाम त्याच रस्त्याने नेलं तिला. एकदाही लागला नाही. काल दुपारी ती जरा पडली होती, तेव्हा मी कॅन काढले. रिकाम्या सीटचा फरक आता सात नाही. नऊ आहे. तीनदा मोजला.

शून्य असं आठवड्यात दोन किलोंनी आणखी सरकत नाही. पण ते राहू दे. मला छळतंय ते वेगळंच. मी वहीत एक साधी वजाबाकी केली. त्या दिवशी दिवा लागू-विझू करत होता, म्हणजे सीटवर जेमतेम चाळीस किलो होते. त्यातले सात सीटचे स्वतःचे. राहिले तेहतीस. म्हणजे माझ्या आईचं वजन, दोन स्वेटरांसकट, तेहतीस किलो.

हे शक्य नाही. ती पहिल्यापासून काडी आहे, पण अठ्ठेचाळीसची काडी आहे. म्हणजे माझं कुठेतरी चुकलंय. कॅनचं माप, सीटचा उतार, काहीतरी. चार वेळा वही तपासली, मला चूक सापडत नाही. मामा, माझी चूक शोधून दे. मी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही.

टाचणी


२ मार्च

टाचणे,

आधी खाली बस. मग वाच.

तुझी चूक नाही. एकही नाही.

कव्हर उसव. आत पडद्यांच्या शिशाच्या पट्ट्या सापडतील. आधी सात किलोंच्या होत्या. त्या शनिवारी तुझ्यासारखाच तुझ्या आईनेही दिवा पाहिला आणि आणखी दोन किलो घातल्या, कारण ती आणखी उतरलीय. तिच्या जठरात गाठ आहे. कॅन्सर आहे. डॉक्टरांनी तिला जानेवारीत बोलावलं होतं. तू पंधराला निघालीस की वीसला ऑपरेशन, असा तिचा बेत आहे. तुला दुसऱ्यांदा अडकवायचं नाही म्हणून. तिने मला गप्प बसायला सांगितलं आणि मी बसलो. नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांचं तुला सांगायलाच हवं. मी लिहिलं, आई बसते तेव्हा सगळं बरोबर चालतं. लिहिताना मला ठाऊक होतं की नेमकी ती बसते तेव्हाच ते चुकतं. पट्ट्यांमुळे गाडी तिला मोठं माणूस धरते. कप्तानांनी कुठे ठोकली असती तर ती पिशवी पूर्ण जोराने तिच्या चौतीस किलोंच्या अंगावर फुटली असती. परक्या माणसाला मी किल्ली परत केली, आणि माझ्या बहिणीच्या सीटबद्दल लिहिलं, चालू दे. चाळीसचा आकडाही तिला मीच दिला होता, ऑक्टोबरात, अक्कल पाजळायला. तुझं हे पत्र आलं नसतं तर मी पंधरा तारखेपर्यंत गप्प राहिलो असतो का? मला माहीत नाही. राहिलो असतो असं वाटतं, आणि त्याची मला लाज वाटते.

तिला गप्प बसणारा भाऊ हवा होता. मला माझी ताई हवी आहे.

तिच्यावर ओरडू नकोस. ओरडलीस तर ती उलट ओरडेल आणि त्या भांडणात दोन दिवस जातील. डॉक्टरांकडे जा आणि ती तारीख अलीकडे ओढ. माझ्यावर हवं तेवढं ओरड, नाहीतरी मला ऐकू येत नाही.

मामा


७ मार्च

मामा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्याच दुपारी घरी आले. आई शिवणटेबलाशी बसली होती. गाडीतून कव्हर काढून आणलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि टाके उसवायला लागले. ती बघत राहिली. मग म्हणाली, “अशी ओढू नकोस, कापड फाटेल,” आणि तिची छोटी कात्री माझ्याकडे सरकवली.

अर्ध्या किलोची एक, अशा अठरा पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीला वेगळा कप्पा. चौदा कप्पे असे शिवलेले की शिवण शोधावी लागली. शेवटच्या चार कप्प्यांचे टाके वाकडेतिकडे होते, लांब-आखूड. आईचे वाकडे टाके मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तिथे मला रडू कोसळलं.

शनिवारी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तारीख बारा मार्चवर आणली आणि आईला तिथेच दाखल करून घेतलं. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं. म्हणाल्या, वीसपर्यंत कदाचित ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नसतं. आता उरलंय का, ते आत गेल्यावरच कळेल.

आज सकाळी बोगद्याच्या ऑफिसला कळवलं. चांगलं बोलले, पण त्यांना थांबता येत नाही. यादीत दुसरं नाव होतं, त्याला घेतलं. मला त्याचं काय वाटतं, हे आत्ता विचारू नकोस.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाही. एवढंच म्हणते, तू जा, मग करते. म्हटलं, नेमणूक गेली आई. म्हणाली, मग परत मिळव. नर्सबाईंनी दोनदा कागद आणला आणि दोनदा तसाच नेला.

तुझ्यावरही मी रागावले आहे. त्या नऊ दिवसांतला एक शनिवार-रविवार मी तिच्यासमोर बसून जेवले, आणि ती ताटातलं नुसतं इकडून तिकडे सरकवत होती, आणि मला दिसलं नाही. तुला ठाऊक होतं. पण या रागाला सध्या वेळ नाही. तिला लिही. ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुझं ऐकेलच असं नाही, पण तुझं पत्र ती न वाचता ठेवणार नाही.

टाचणी


११ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. दोनच ओळी. एरवी दोन पानं खरडणारा तू.

तू विचारतोस, आपली आई गेल्यावर तुला वाढवायला मी शाळा सोडली, त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला का. आणि झाला नसेल, तर टाचणीला होईल हे मी कशावरून ठरवलं.

तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणार नाही. झाला. पुष्कळदा झाला. मैत्रिणी दप्तरं घेऊन जायच्या आणि मी तुझं शेंबडं नाक पुसत उभी असायची. तेव्हा तू मला नको असायचास. एकदा तर तुला एका दुकानाच्या पायरीवर बसवून मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते. परत यायचं नाही असं ठरवून. वळून पाहिलं तर तू रडत नव्हतास. मी येणारच, अशा खात्रीने पाय हलवत बसला होतास. मी आले. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

पण तुझ्या त्या दोन ओळी वाचून मला वेगळंच सुचलं. मी कोपऱ्यावर असताना कोणी तुला माझ्या भल्यासाठी म्हणून उचलून नेलं असतं, मला न सांगता, आणि मग म्हटलं असतं, जा पोरी, तू आता मोकळी झालीस, शाळेत जा, तर त्या माणसाला मी जन्मात क्षमा केली नसती. परत यायचं की नाही हे मला ठरवायचं होतं. आणि टाचणीच्या बाबतीत मी नेमकं तेच करायला निघाले होते. हे कळलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या पलंगावर बसून होते, हातात तुझं पत्र, आणि ती बाहेर बाकावर. तिला आत बोलावलं. चार दिवसांनी तिच्याशी बोलले. काय बोललो ते आमचं आमच्यात राहू दे.

तरी तुझा मला राग आहे, हे समजून अस. मी एकच गोष्ट मागितली होती आणि ती तू दिली नाहीस. तिचा बोगदा आता दुसरं कोणीतरी मोजणार. ती म्हणते मला काही वाटत नाही, आणि तोंड फिरवते. हे तुझ्यामुळे झालं. तू बरोबर केलंस हे मला पटतंय, म्हणून राग कमी होतोय असं नाही, उलट वाढतोय. चार दिवसांत निवणारा हा राग नाही. तू चालायला लागलास की इथे ये, तोंडावर बोलणार आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बोलेन, त्याच्या पुढच्या वर्षीही. पुरता बोलून संपायला मला पुष्कळ वर्षं लागतील.

म्हणून आज सकाळी कागदावर सही केली. उद्या आठ वाजता आत नेणार आहेत.

ताई